तिसऱ्या आग्रहाची वाट

दार कोणतेही असो, ते आधी एक पाऊल मागे घेत. उजवा तळहात छातीवर, मान किंचित कललेली, आणि तोंडी एकच शब्द: "बेफरमायीद." म्हणजे, आपण पुढे व्हावे. दुकानाचे दार, दवाखान्याचे दार, आमच्या दोन घरांमधले ते गुडघाभर उंचीचे लाकडी फाटकसुद्धा याला अपवाद नव्हते. त्या फाटकातून ते माझ्या आधी गेल्याचे मला एकदाही आठवत नाही.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. पंगतीला ती शेवटी बसतात, फोटोत कडेला उभी राहतात, आणि त्यांचा अर्धा खांदा कापला गेला तरी फोटो छान आला म्हणतात. माझे हे शेजारी त्या जातीचे होते, इतकेच म्हटले तर मात्र ते पुरेसे होणार नाही. त्यांच्या मागे सरण्याला एक रीत होती. इराणात तिला तआरोफ म्हणतात. समोरच्याने काही देऊ केले की पहिल्यांदा नको म्हणायचे, दुसऱ्यांदाही नको म्हणायचे. तिसऱ्या आग्रहाला संकोचाने हात पुढे करायचा. देणाऱ्यालाही हे ठाऊक असते, म्हणून पहिल्या नकाराशी तो थांबत नाही.

"पहिला नकार हा नकार नसतोच, मोहंदेस," ते मला समजावत. "तो फक्त नमस्कार असतो."

मोहंदेस म्हणजे अभियंता. मी एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेतो. पण त्यांच्या मते शिकलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे बरे दिसत नाही. मी त्यांना उस्ताद म्हणत असे. ते दर वेळी हात हलवून तो शब्द परत करत, आणि दर वेळी मी तो पुन्हा त्यांच्या हाती ठेवत असे. आमचे बोलणे इंग्रजीत चाले. त्यांच्या इंग्रजीत इस्फहान होते, माझ्या इंग्रजीत पुणे. इथे ते सारे मी मराठीत मांडतो आहे.

डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागातल्या आमच्या वसाहतीच्या तोंडाशी बसथांबा आहे. एका सकाळी मी गाडी घेऊन कामाला निघालो, तेव्हा ते रांगेत पहिले उभे होते. बस आली. त्यांनी आधी बाबागाडीवाल्या बाईंना चढू दिले, मग काठीवाल्या आजोबांना, मग गणवेशातल्या मुलींना, मग कानात हेडफोन घातलेल्या दोन धडधाकट तरुणांना, ज्यांना आपल्याला कुणी वाट दिली हे कळलेही नसावे. बस भरली. चालकाने दार लावून घेतले. उस्तादांनी त्यालाही छातीवर हात ठेवून निरोप दिला.

मी गाडी थांबवून त्यांना बसायला सांगितले. "नको, नको, तुम्हाला उशीर होईल." मी पुन्हा सांगितले. "वाटेत नाही तुमच्या." तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा ते बसले, पट्टा लावला आणि समाधानाने म्हणाले, "आज सगळ्यांना जागा मिळाली. फक्त मला नाही."

ते कवळ्या बनवत. जवळच्या औद्योगिक वसाहतीत दातांच्या डॉक्टरांसाठी काम करणारी एक लहान प्रयोगशाळा होती, तिथे मेणावर दात रचण्यात त्यांची पंचवीसेक वर्षे गेली होती. त्यामुळे माणसाचा चेहरा पाहण्याआधी ते दात पाहत. आमची पहिली भेट कचऱ्याचे डबे बाहेर काढताना झाली, आणि हवापाण्याच्या चौकशीनंतर लगेचच ते म्हणाले, "क्षमा करा, पण तुमचे खालचे दात फार गर्दीत उभे आहेत. कुणीच कुणाला वाट देत नाही." या वाक्यावर हसावे की तोंड मिटावे हे न कळून मी दोन्ही केले.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कवळी कापडात गुंडाळून ठेवलेली असे. ती ज्यांच्यासाठी बनवली होती ते गृहस्थ ती न्यायच्या आधीच वारले. प्रयोगशाळेने ती टाकून द्यायला सांगितली होती. "माप त्यांचं आहे," ते म्हणाले. "कचऱ्यात कसं टाकणार? कुणाचं तरी हसणं आहे ते." असे म्हणून त्यांनी चहा ओतला, आणि त्या दिवशी मला बिस्कीट चावायला थोडे जड गेले.

आमची घरे जोडघरे होती. मधली भिंत एकच. त्या भिंतीतून संध्याकाळी एक आवाज येत असे. व्हायोलिन म्हणावे तर तितका गुळगुळीत नाही, सारंगी म्हणावी तर तितका दाट नाही. सर्दी झालेल्या माणसाने हलक्या आवाजात गुणगुणावे, तसा. माझी पत्नी आधी म्हणाली, "टीव्ही लावलाय कुणीतरी." नंतर म्हणाली, "टीव्ही नाही. माणूस रडतोय." मी जेवण झाल्यावर त्या भिंतीशी खुर्ची ओढून बसू लागलो. ही माझी बैठक काही वर्षे चालली. दार वाजवून विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

एका संध्याकाळी मी त्यांच्या अंगणाशी किंचित जास्त वेळ उभा राहिलो असेन. वाजवणे थांबले, दार उघडले, ते मागे सरकले. "बेफरमायीद." मी म्हणालो, नको, सहज उभा होतो. ते म्हणाले, चहा तयार आहे. मी म्हणालो, पुन्हा कधीतरी. ते म्हणाले, आजच. मी आत गेलो. मला त्या वेळी त्यांची रीत माहीत नव्हती. आपल्या घरातही ती तशीच पाळली जाते, म्हणून मला तिच्यात काही वेगळे वाटलेही नाही.

त्या साजाचे, त्या वाद्याचे, नाव कमांचे. पोट तुतीच्या लाकडाचे, एखाद्या छोट्या भोपळ्याएवढे गोल. त्याच्या तोंडावर ताणून बसवलेले कोकराचे पातळ कातडे. वर लांब गळा, चार तारा, आणि तळाला लोखंडी खिळ्यासारखा एक पाय. खुर्चीत ताठ बसून तो पाय डाव्या मांडीवर टेकवायचा आणि साज उभा धरायचा. कमानीचे, म्हणजे गजाचे, केस सैल असतात; वाजवताना उजव्या हाताच्या बोटांनीच ते ताणून धरावे लागतात. आणि एक गोष्ट मला शिकायला फार दिवस लागले. तार बदलायची असेल तर कमान हलवायची नाही. कमान आपल्या रेषेत सरळ जाते. साजाला त्याच्या पायावर किंचित वळवून ती तार कमानीपुढे आणायची.

"कमानीला त्रास द्यायचा नाही," ते म्हणत. "साज वळेल."

आयर्लंडची दमट हवा त्या कातड्याला सोसत नसे. ते ढिले पडे आणि आवाज खोकल्यासारखा येई. म्हणून ते साज हॉट प्रेसमध्ये ठेवत. इथे घराच्या वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीसाठी एक कपाट असते, त्यात धुतलेले टॉवेल आणि चादरी वाळवतात. त्याला हा शब्द आहे. शिकवणीच्या आधी ते वर जात आणि टॉवेलांच्या घडीतून साज काढून, झोपलेल्या मुलाला आणावे तसा दोन्ही हातांवर खाली आणत. त्याला साबणाचा आणि उबेचा वास येत असे.

मी बावन्नाव्या वर्षी शिकायला बसलो. साज एकच होता. ते एक तुकडा वाजवत आणि साज माझ्याकडे देत. मी तो तुकडा बिघडवून साज परत देई. ते तोच तुकडा पुन्हा, जरा सावकाश, वाजवत. दर वेळी देताना "बेफरमायीद". मी स्वतःसाठी एक कमांचे मागवतो म्हणालो, तर त्यांनी थांबवले. आधी कान तयार होऊ दे. मला वाटते, त्यांना ते देणेघेणे आवडत असावे.

"झालं का तुमचं करवत चालवणं?" मी घरी आलो की पत्नी विचारी. "भिंत उभी आहे ना अजून?"

ती नागपूरची. इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर आहे, आणि संकोच तिच्यात औषधालाही नाही. उस्तादांना आम्ही पहिल्यांदा जेवायला बोलावले तेव्हा पुरे झाले म्हणून त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"हात काढा," ती डाव घेऊन म्हणाली, "नाहीतर हातावर वाढीन."

त्यांनी हात काढला. दुसऱ्यांदा धरला, पुन्हा काढला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःहून ताट पुढे केले. त्यांचे डोळे चमकत होते. "खानुम दोक्तोर इस्फहानच्या आहेत! मोहंदेस, तुम्ही माझ्यापासून लपवून ठेवलंत."

"नागपूरची हो," ती म्हणाली. "आमच्याकडे पाहुणा उठून पळाला, तर वाढपी मागे धावतो."

त्यांच्या पत्नी वारून बरीच वर्षे झाली होती. त्या इथेच, डब्लिनच्या मातीत होत्या. एकुलती मुलगी देशाच्या पश्चिमेला, शॅनन गावी, एका कारखान्याच्या कचेरीत काम करत असे. तिला फारसी समजे, पण उत्तर ती इंग्रजीत देई. तिने साज कधी हातात घेतला नाही आणि त्यांनी कधी आग्रह केला नाही. या एका बाबतीत ते आग्रह करायला विसरले, की तिच्या पहिल्या नकाराचा त्यांनी खरोखरच मान राखला, हे मला कधी विचारता आले नाही.

आपल्याकडे जसे राग, तसे त्यांच्याकडे दस्तगाह. आणि एकेका दस्तगाहात लहान लहान तुकडे एका ठरलेल्या क्रमाने ओवलेले असतात. ते मला हुमायून शिकवत होते. हुमायून इराणात पुष्कळांना येतो. त्यांचा हुमायून मात्र त्यांच्या गुरूंच्या घराण्याचा होता, आणि त्याच्यातली वळणे दुसरीकडे कुठे नव्हती. गुरूंनी तो कागदावर उतरवू दिला नाही, ध्वनिमुद्रित करू दिला नाही. गुरू गेले तेव्हा उस्तादांना मायदेशी जाता आले नव्हते. त्यांच्याबरोबर शिकलेले एकेक जण नंतर कमी होत गेले. शेवटचा शिराझला होता. तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. फोन ठेवून त्यांनी कमानीचे केस एकदा बोटांनी ताणले, सोडले आणि म्हणाले, "आता हुमायून या खोलीत आहे. बाहेर कुठेही नाही."

खोलीत आम्ही दोघेच होतो. मला माझ्या बोटांची फार लाज वाटली.

"अहो, मग फोनवर रेकॉर्ड करून टाका ना गुपचूप," पत्नी म्हणाली. "त्यांना कळणारही नाही."

ते मला जमण्यासारखे नव्हते. मी धीर करून त्यांनाच विचारले. त्यांनी कमान मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "तुमचा पूर्ण झाला की मी एकदा सगळा सलग वाजवीन. त्या दिवशी तुमचा फोन इथे टेबलावर ठेवा. गुरूंची क्षमा मी मागेन."

हुमायूनच्या आरंभीचे तुकडे मी कसेबसे पार केले. मग चकावक नावाचा तुकडा आला. त्यात मी पूर्ण हिवाळा अडकलो. त्याच्यापुढे बीदाद. बीदाद म्हणजे अन्याय. हुमायूनची सारी चढण तिथे संपते, आणि गुरूंची सर्वांत अवघड वळणेही तिथेच होती. त्यांच्या परंपरेचा नियम असा, की मागचे सारे न थांबता वाजवता आल्याखेरीज बीदाद सुरू करायचा नाही. मी दर शनिवारी कुठे ना कुठे थांबत असे. बीदाद मी भिंतीपलीकडून नक्कीच ऐकला असणार, अनेकदा. पण तेव्हा मी जे ऐकतो आहे त्याचे नाव मला ठाऊक नव्हते.

त्याच हिवाळ्यात ते जिन्यावर थांबू लागले. हॉट प्रेसमधून साज घेऊन येताना मधल्या पायरीवर एकदा, मग दोनदा. "साज जड झालाय," ते म्हणत. पत्नीने एकदा त्यांना आमच्या फाटकाशी धाप लागलेली पाहिली आणि हुकूमच सोडला, "उद्या डॉक्टरकडे. मी विचारत नाहीये, सांगतेय."

तपासण्या झाल्या. हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी जी झडप असते, ती आकसून दगडासारखी झाली होती. बदलावी लागणार होती. एका मोठ्या हॉस्पिटलाच्या प्रतीक्षायादीत त्यांचे नाव लागले. "लवकर झालं तर माणूस ठणठणीत होईल," पत्नी मला म्हणाली, "आणि उशीर झाला तर..." तिने वाक्य पुरे केले नाही. असे ती सहसा करत नाही.

उस्ताद मात्र उत्साहात होते. त्यांनी नवा पायजमा आणला, दाढीचे सामान आणले, एक छोटी बॅग भरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली. "नवी झडप बसली की श्वास लांब होईल," ते म्हणाले. "मग बीदाद एका दमात. तुम्ही फक्त चकावक संपवा, मोहंदेस. माझं दार उघडेपर्यंत तुमचंही उघडू दे."

मार्चमधल्या एका शनिवारी मी शिकवणीला गेलो तेव्हा पत्नीही डबा द्यायला बरोबर आली होती. चहा ओतता ओतता ते सहज म्हणाले, "गुरुवारी हॉस्पिटलातून फोन आला होता. कुणाची तरी शस्त्रक्रिया रद्द झाली, सोमवारी जागा आहे, येता का म्हणून."

"सोमवारी! परवाच्या?" पत्नी म्हणाली. "अहो, मग सांगायचं नाही का! मी सुट्टी टाकते, मी नेते तुम्हाला."

"नाही, नाही, खानुम दोक्तोर. मी म्हटलं, माझ्यापेक्षा ज्याला गरज जास्त असेल त्याला आधी द्या. बाई फार सभ्य होती. तुम्ही फार चांगले आहात म्हणाली." त्यांनी साखरेचा खडा पुढे केला. "करेल पुन्हा फोन."

पत्नीने हातातला डबा टेबलावर ठेवला. "उस्ताद, ती पुन्हा फोन नाही करणार."

"का? माझं काही चुकलं का बोलण्यात?"

"तुम्ही नको म्हणालात."

"मी नको कुठे म्हणालो? मी म्हटलं, आधी दुसऱ्याला."

"तेच इथे नको असतं." तिचा आवाज चढला होता. "ती तुम्हाला जेवायला वाढत नव्हती. समोर यादी असते, तुमच्या नावापुढे नको लिहिलं, पुढच्याला फोन लावला. इथे एकदाच विचारतात, उस्ताद. एकदाच!"

ते तिच्याकडे पाहत राहिले. जिन्याशी ती बॅग होती. तिला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर त्यांनी आपले नाव लिहिले होते. ते जाणार होते. ते केवळ दुसऱ्यांदा विचारले जाण्याची वाट पाहत होते.

सोमवारी सकाळी कचेरी उघडताच पत्नीने स्वतः फोन लावला. पलीकडची बाई खरोखरच सभ्य होती. ती जागा भरली गेली होती. नाव यादीत आहे, काळजी करू नका, पुढची जागा आली की बघू, असे ती म्हणाली. "ग्रँड," असेही म्हणाली; इथे 'ठीक आहे'ला हाच शब्द आहे. मग उस्तादांनी फोन मागून घेतला. आम्हाला वाटले, ते आपली निकड सांगतील. त्यांनी तिला दिलेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली, तिच्या आईवडिलांना उदंड आयुष्य चिंतले, आणि तिने आधी फोन ठेवेपर्यंत ते फोन कानाशी धरून उभे राहिले. पत्नीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

त्यानंतर तिने ओळखीच्या डॉक्टरांना सांगितले, पुन्हा पुन्हा फोन केले. एप्रिल गेला. बॅग पायरीवरच राहिली. उस्ताद तिला वळसा घालून वर जात, आणि साज मीच आणतो म्हटले तर तिसऱ्या वेळी मला आणू देत. ते कामावर जाण्याचे मात्र थांबले नाहीत. कुणाची तरी कवळी अडली असती.

शिकवणीत आता ते कमी वाजवत. उजवा हात थकला की तुकडा गाऊन दाखवत, गाण्याने दम लागला की बोटांनी टेबलावर. मी सुधारत होतो असे मला वाटते. ते तसे म्हणत, पण त्यांच्या म्हणण्यावर या बाबतीत विसंबता येत नसे. मेमधल्या एका शनिवारी मी आरंभापासून चकावकच्या टोकापर्यंत गेलो. एका जागी थांबलो, अगदी क्षणभर. ते डोळे मिटून बसले होते.

"थांबलो," मी म्हणालो.

"ऐकलं मी." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "पुढच्या शनिवारी बीदाद सुरू करू. तुम्ही तयार नाही. पण आता गुरूंची आणखी एक क्षमा मागतो."

त्यांनी माझ्या हातून साज घेतला, त्याच्या कातड्यावर कान टेकवला, जणू तो काही म्हणतो का हे ऐकत आहेत. मग म्हणाले, "आज हवा ओली आहे," आणि तो पुन्हा वर न्यायला मला दिला.

बुधवारी सकाळी प्रयोगशाळेत, हातात मेण घेऊन उभे असताना, ते कोसळले. रुग्णवाहिका लवकर आली. तिचा उपयोग झाला नाही.

दफनाला फार माणसे नव्हती. प्रयोगशाळेतले चौघे, काही इराणी कुटुंबे, आम्ही दोघे, आणि ती मुलगी. मशिदीतून आलेल्या गृहस्थांनी प्रार्थना म्हटली. पाऊस नव्हता, ऊनही नव्हते. कबरीवर माती लोटायला जो तो दुसऱ्याला फावडे देत होता. मी पाहिले, ते फावडे बराच वेळ हवेत फिरत राहिले.

दोन आठवड्यांनी मुलगी घर आवरायला आली. भाड्याचे घर महिनाअखेर सोडायचे होते. रविवारी दुपारी तिने आमची घंटा वाजवली. मी दार उघडले. तिने दोन्ही हातांत साज धरला होता. गळ्यापाशी पकडून, जरा तिरका. कमान तिच्या काखेत होती.

"बाबांनी सांगितलं होतं, हे तुम्हाला द्यायचं," ती तिच्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत म्हणाली. "हवंय का तुम्हाला?"

ते मला हवे होते. इतके हवे दुसरे काही मला बऱ्याच वर्षांत वाटले नव्हते. माझा उजवा हात छातीवर गेला, तो मी नेला नाही. "नको, नको," मी म्हणालो. "तुमच्या वडिलांची वस्तू. तुमच्याकडेच असू द्या."

मी थांबलो. तिनेही क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिले, आणि तिचा आवळलेला चेहरा हळूहळू सैल झाला. डोळे भरून आले.

"खरंच? थँक्स अ मिलियन. मला नव्हतं द्यायचं खरं तर. घरभर शोधलं, दुसरं काहीच नाही त्यांचं म्हणावं असं. पण त्यांचा शब्द होता, म्हणून विचारायला आले." तिने साज छातीशी घेतला. "मला वाजवता येत नाही, पण भिंतीवर लावीन. कसं सांभाळायचं हे? तुम्हाला माहीत असेल."

मी तिला आत बोलावले. ती लगेच आत आली. मी साज मांडीवर घेतला आणि चारही खुंट्या एकेक करून सैल केल्या, म्हणजे कातड्यावर ताण राहणार नाही. तारा लोंबू लागल्या. त्यांच्याखालची लहानशी लाकडी घोडी, जिच्यावर त्या तोललेल्या असतात, मी आडवी केली. उन्हात ठेवू नका, ओलीत ठेवू नका, असे सांगितले. तिने मान डोलावली. तो माझ्या हातून परत घेताना ती म्हणाली, "तुम्ही खूप चांगले आहात." मग तिने तो गाडीच्या पुढच्या आसनावर चादरीत गुंडाळून ठेवला, हात हलवला, आणि गाडी वसाहतीबाहेर वळली.

पत्नी स्वयंपाकघरात होती. तिने खिडकीतून पाहिले होते.

"साज नेला तिने?"

"हो."

"तुम्हाला विचारलं नाही?"

"विचारलं."

"किती वेळा?"

तिने गॅस बंद केला. हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली, टेबलावरचा फोन उचलला आणि म्हणाली, "सांगू तिला? आत्ता फार लांब गेली नसेल. परत येईल. मी सांगते."

मला त्या मुलीचा सैल झालेला चेहरा दिसत होता.

"नको," मी म्हणालो.

पत्नी फोन हातात धरून तशीच उभी राहिली. तिने पुन्हा विचारले नाही.